जोनच्या खटल्याचा मूकपट : प्रत, पाठ आणि संग्राहक

१४३१ साली रूआँ येथे जोन ऑफ आर्कवर जो खटला चालला, त्याचे दफ्तर हे मध्ययुगीन युरोपातील न्यायालयीन लेखनाचे एक असामान्य उदाहरण होय. आरोपी सुमारे एकोणीस वर्षांची, दोंरेमी गावची, अक्षरओळख जवळजवळ नसलेली शेतकऱ्याची मुलगी. न्यायासनावर बोव्हेचा बिशप पिएर कोशाँ. त्याच्या भोवती धर्मशास्त्र व कायदा ह्यांत निष्णात असलेले अनेक पंडित, आणि त्यांतील कित्येकांचा पॅरिस विद्यापीठाशी निकटचा संबंध. प्रश्नोत्तरे फ्रेंचमध्ये होत. गीयोम मांशाँ व त्याचा सहकारी हे लेखनिक ती फ्रेंचमध्ये टिपून घेत. शिक्षेची अंमलबजावणी झाल्यानंतर मांशाँ व तोमा द कूर्सेल ह्यांनी त्या टिपणांचे लॅटिन भाषांतर सिद्ध केले. लॅटिन दफ्तराच्या पाच प्रमाणित प्रती झाल्या. त्यांपैकी तीन आज उपलब्ध आहेत. मूळ फ्रेंच टिपणे मात्र अखंड स्वरूपात उरलेली नाहीत. त्यांचा एक भाग दुर्फे हस्तलिखितात सापडतो, एवढेच.

कार्ल थिओडोर ड्रायर ह्या डॅनिश दिग्दर्शकाने १९२७ मध्ये चित्रित केलेला आणि १९२८ मध्ये प्रथम दाखविलेला जोनच्या खटल्यावरील मूकपट ह्या दफ्तरावर उभा आहे. चित्रपटाच्या आरंभीच एक हात त्या जुन्या हस्तलिखिताची पाने उलटताना दिसतो, आणि ते पॅरिसच्या विधिमंडळाच्या ग्रंथालयात असल्याचे प्रेक्षकास सांगितले जाते. पुढे दिसणारी दृश्ये ही कल्पित कथा नसून एका लेखाचे वाचन आहे, असा हा दावा आहे. पुढे ह्या चित्रपटाच्या स्वतःच्या प्रतींची जी अवस्था झाली, ती त्या दफ्तराच्या अवस्थेशी इतकी मिळतीजुळती आहे की संग्राहकांना त्याचे एवढे आकर्षण का वाटावे, ह्याचे उत्तर केवळ चित्रकलेत किंवा अभिनयात शोधणे अपुरे ठरते.

प्रथम दफ्तराकडे पाहावे. लॅटिन भाषांतरात बहुतेक प्रश्नोत्तरे अप्रत्यक्ष कथनात गेलेली आहेत. तिला असे विचारण्यात आले, तिने असे उत्तर दिले की, अशी ती ठरीव धाटणी. वकिली गद्याची ही सवय सर्व देशांत सारखीच. तिच्यामुळे बोलणाऱ्याचा स्वर नाहीसा होतो आणि आशय तेवढा उरतो. तरीही जोनचा स्वर ह्या चाळणीतून निसटून आलेला आहे. आपण ईश्वराच्या कृपेत आहोत असे तिला वाटते काय, हा प्रश्न धर्मशास्त्राच्या दृष्टीने सापळाच होता. होय म्हणावे तर तो अहंकार ठरणार, नाही म्हणावे तर ती पापाची कबुली ठरणार. नसेन तर ईश्वराने मला तेथे न्यावे आणि असेन तर तेथेच ठेवावे, अशा अर्थाचे उत्तर तिने दिले. दुसरा लेखनिक बुआगीयोम ह्याने पुढे सांगितले की, ते ऐकून विचारणारे थक्क झाले. २८ मेच्या नोंदीत तिने आपल्या दैवी वाण्या पुन्हा ऐकल्याचे सांगितले, तेव्हा लेखनिकाने समासात ‘प्राणघातक उत्तर’ अशा अर्थाचे दोन लॅटिन शब्द लिहून ठेवले. त्यानंतर दोनच दिवसांनी, ३० मे १४३१ रोजी, तिला जाळण्यात आले. समासातील ते दोन शब्द सोडले तर संपूर्ण दफ्तरात लेखनिकाचा स्वतःचा आवाज क्वचितच उमटलेला आढळतो.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने सर्वांत नाजूक जागा मतत्यागपत्राची आहे. २४ मे रोजी सें-ऊआँच्या दफनभूमीत जोनने ज्या लेखावर खूण केली, तो कोणता? १४५६ मध्ये ह्या खटल्याचा निकाल रद्द ठरविण्यात आला. त्या वेळच्या चौकशीत प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांनी सांगितले की, वाचून दाखविलेला लेख लहान होता, सहा ते आठ ओळींचा. दफ्तरात मात्र जो मजकूर समाविष्ट झालेला आहे तो त्याहून पुष्कळच मोठा आहे. एक लेख वाचला गेला आणि दुसरा दफ्तरी लागला, हा संशय त्यामुळे पाच शतके जिवंत राहिला. झूल किशरा ह्याने १८४१ ते १८४९ ह्या काळात दोन्ही खटल्यांचे कागद पाच खंडांत छापले. पिएर शाँपियाँ ह्याची आवृत्ती १९२० नंतर लगेच आली. जोनला संतपद १९२० मध्येच मिळाले होते, त्यामुळे विषय लोकांच्या तोंडी होता. शाँपियाँ हा ड्रायरचा ऐतिहासिक सल्लागार. जोसेफ देल्तेई ह्याच्या पुस्तकाचे हक्क निर्मात्यांनी घेतले होते, पण चित्रपटात त्याचा अंश फारसा शिल्लक राहिला नाही. ड्रायर दफ्तराकडेच परतला.

त्याने केलेला मोठा फेरफार काळाचा आहे. फेब्रुवारी ते मे असा चाललेला खटला त्याने जणू एकाच दिवसात बसविला. वेढे, राज्याभिषेक, लढाया ह्यांपैकी काहीही नाही. आहेत ते चेहरे. सुमारे दीड हजार चित्रखंडांचा हा पट बहुतांशी समीपदृश्यांनी बनलेला आहे. पॅन्क्रोमॅटिक फिल्म वापरून आणि रंगभूषा वर्ज्य करून छायाचित्रकार रुडॉल्फ माटे ह्याने त्वचेवरील सुरकुत्या, चामखिळी, ओठांवरील ओल हे सर्व जसेच्या तसे टिपले. हेर्मान वार्म व झाँ ह्यूगो ह्यांनी वाडे, भिंती, मनोरे ह्यांचे प्रचंड नेपथ्य उभारले होते. आकाशाच्या पार्श्वभूमीवर भिंती करड्या दिसाव्यात म्हणून त्यांना गुलाबी रंग दिला होता. इतका खर्च करून बांधलेले हे नेपथ्य पडद्यावर फारच थोडे दिसते. निर्मात्यांना ते रुचले नसल्यास नवल नाही. जोनच्या भूमिकेत फाल्कोनेत्ती, कोशाँच्या भूमिकेत एझेन सिल्व्हाँ आणि तरुण धर्मगुरू मासियूच्या भूमिकेत कवी व नाट्यचिंतक आंतोनँ आर्तो. शब्दांच्या चकमकीवर उभा असलेला खटला मूकपटात मांडणे हे धाडसच होते. दफ्तरातील अप्रत्यक्ष कथन ड्रायरने पाट्यांवर पुन्हा प्रत्यक्ष कथनात आणले. लेखनिकाने केलेले रूपांतर त्याने उलट फिरविले, असे म्हणावयास हरकत नाही. चित्रपटातील एक प्रसंग तर उघडउघड लेखाच्या खोटेपणाचा आहे. न्यायाधीश राजाच्या नावाने बनावट पत्र तयार करवितात, आणि वाचता न येणाऱ्या जोनला ते वाचून दाखविण्यात येते.

आता प्रतींचा इतिहास. चित्रपट प्रथम २१ एप्रिल १९२८ रोजी कोपनहेगन येथे दाखविण्यात आला. पॅरिसचे प्रदर्शन ऑक्टोबरात झाले. तत्पूर्वी पॅरिसच्या आर्चबिशपांच्या आणि सरकारी परीक्षकांच्या आग्रहावरून ड्रायरच्या संमतीवाचून काटछाट करण्यात आली होती. इंग्लंडात, इंग्रज शिपायांचे चित्रण अपमानकारक ठरवून, त्यावर काही काळ बंदीच होती. ६ डिसेंबर १९२८ रोजी बर्लिन येथे उफा कंपनीच्या प्रयोगशाळेस आग लागली आणि मूळ निगेटिव्ह जळाली. ड्रायरने हार मानली नाही. संकलनाच्या वेळी बाजूस टाकलेले, त्याच दृश्यांचे दुसरे चित्रखंड त्याने गोळा केले आणि जवळजवळ त्याच क्रमाने दुसरी निगेटिव्ह सिद्ध केली. १९२९ मध्ये तीही दुसऱ्या एका आगीत गेली. तिच्यावरून निघालेली प्रत मागे राहिली, म्हणूनच पुढच्या दोन पिढ्यांनी हा चित्रपट पाहिला.

ह्या आगी हा केवळ दैवदुर्विलास नव्हता. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ जळताना स्वतःच प्राणवायू पुरवितो, त्यामुळे पाण्याने विझत नाही. जळाला नाही तरी काळाने चिकट होतो, नंतर त्याची भुकटी होते. ईस्टमन कोडॅकने नायट्रेट फिल्मचे उत्पादन १९५१ मध्ये थांबविले. त्यापूर्वीच्या मूकपटांपैकी फार मोठा भाग कायमचा नाहीसा झाला आहे. महाराष्ट्रातील अभ्यासकास ह्याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. दादासाहेब फाळके ह्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये दाखविला, आणि १९१७ मध्ये तोच विषय पुन्हा चित्रित केला. आज जी रिळे ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून दाखविली जातात ती वस्तुतः १९१७ च्या पटाची आहेत, असे काही चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे. भारतीय चित्रपटाचा आदिपट म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याचा पाठच अशा रीतीने वादग्रस्त आहे. पुण्यातील २००३ च्या आगीत नायट्रेटवरील कित्येक जुन्या प्रती नष्ट झाल्या, हेही येथे नमूद करावयास हवे.

ड्रायरच्या चित्रपटाच्या दुसऱ्या पाठालाही शांती लाभली नाही. १९३३ मध्ये अमेरिकेत त्याची छाटून तासाभराची आवृत्ती करण्यात आली आणि नभोवाणीवरील एका निवेदकाचे कथन तिला जोडण्यात आले. १९५१ मध्ये लो द्यूका ह्या चित्रपट-इतिहासकारास गोमाँ कंपनीच्या कोठारात दुसऱ्या पाठाची निगेटिव्ह प्रत सापडली. शोधाचे श्रेय निःसंशय त्याचे. परंतु त्याने ती जशी होती तशी लोकांपुढे ठेवली नाही. बरोक संगीताचा साज चढविला. अनेक पाट्या काढून त्यांचा मजकूर चित्राच्या तळाशी घातला. ड्रायरने ह्यास हरकत घेतली होती. तरी जगभरच्या फिल्म सोसायट्यांतून पुढची तीस वर्षे हीच आवृत्ती मोठ्या प्रमाणावर फिरली. १९५२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ ह्या इंग्रजी नियतकालिकाने समीक्षकांकडून उत्कृष्ट चित्रपटांचा कौल घेतला, त्यात ह्या चित्रपटाचे नाव आले. १९५८ च्या ब्रुसेल्स येथील निवडीतही आले. हे कौल नेमक्या कोणत्या पाठाला होते, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. ज्यांनी १९२८ मध्ये कोपनहेगनला तो पाहिला असेल त्यांच्या स्मरणात पहिला पाठ असेल. इतरांनी जो पाहिला तो एकतर काटछाट झालेला, किंवा टाकून दिलेल्या चित्रखंडांतून जुळविलेला, किंवा परक्या हाताने सजविलेला.

ड्रायर २० मार्च १९६८ रोजी वारला. पहिला पाठ कायमचा गेला, ह्याच समजुतीत.

१९८१ मध्ये नॉर्वेतील ऑस्लोनजीकच्या डिकेमार्क मनोरुग्णालयात एका कर्मचाऱ्यास कपाटात फिल्मचे काही डबे आढळले. ते नॉर्वेच्या फिल्म इन्स्टिट्यूटकडे पोचले आणि तेथे जवळजवळ तीन वर्षे न तपासता राहिले. तपासल्यावर असे निष्पन्न झाले की, ही पहिल्या निगेटिव्हवरून काढलेली, काटछाटीपूर्वीची, डॅनिश पाट्या असलेली नायट्रेट प्रत आहे. ती फारशी वापरली गेलेली नव्हती. रुग्णालयात ती कशी आली ह्याची नोंद नाही. तत्कालीन प्रमुख वैद्याला इतिहासाची आवड असावी आणि त्याने ती मागविली असावी, हा केवळ तर्क आहे. ह्या प्रतीवरून १९८५ मध्ये सिनेमातेक फ्रांसेझ ह्या संस्थेने चित्रपटाचे पुनरुद्धारित रूप सादर केले.

संग्राहकांचा विषय येथून खऱ्या अर्थाने सुरू होतो. जुन्या चित्रपटांच्या संग्राहकाविषयी विद्यापीठीय वर्तुळात एक सूक्ष्म तुच्छता असते. त्याला वस्तूचा हव्यास, अर्थाशी कर्तव्य नाही, अशी ती समजूत. काही संग्राहकांच्या बाबतीत ती खरीही असेल. पण न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टचा चित्रपट-विभाग १९३५ मध्ये आणि सिनेमातेक फ्रांसेझ १९३६ मध्ये निघाली, त्यापूर्वी चित्रपट ही जतन करण्याजोगी वस्तू आहे हे मानणारे बहुतेक लोक खाजगी संग्राहकच होते. निर्मात्यांच्या दृष्टीने जुनी प्रत म्हणजे चांदी काढून घेण्याजोगे भंगार. डिकेमार्कचे डबे वाचले ते कोणत्याही योजनेमुळे नव्हे, कोणी ते टाकून दिले नाहीत म्हणून. अशा निष्काळजी जपणुकीचे ऋण हस्तलिखितांच्या अभ्यासकास चांगले ठाऊक असते. मठाच्या माळ्यावर पडलेले बाड पुष्कळदा वारसाच्या दुर्लक्षामुळेच टिकलेले असते.

जोनच्या चित्रपटाच्या संग्राहकापुढील प्रश्न मात्र नुसता जपणुकीचा नाही. तो निवडीचा आहे. डिकेमार्कची प्रत मिळाल्यानंतर लो द्यूकाची आवृत्ती भ्रष्ट ठरवून टाकून द्यावी काय? सामान्य उत्तर होय असे येते. हे उत्तर घाईचे आहे. लो द्यूकाने केलेले बदल प्रक्षेप होत, ह्यात वाद नाही. परंतु त्या प्रक्षेपांखाली जो दुसरा पाठ आहे तो ड्रायरच्याच हातचा आहे. त्याने जे चित्रखंड प्रथम नाकारले होते, तेच निकड पडल्यावर त्याने स्वीकारले आणि त्यांतून रचना उभी केली. एकाच कर्त्याचे दोन पाठ, त्यांतील एक पसंतीचा आणि एक अपरिहार्यतेचा, अशी ही स्थिती आहे. फाल्कोनेत्तीच्या चेहऱ्यावरील एकाच क्षणाचे दोन आविष्कार शेजारी ठेवून पाहता आले, तर ड्रायरने कोणता का निवडला हे समजू लागते. अशी संधी ग्रंथाच्या अभ्यासकास खर्ड्यातच मिळते.

मराठी वाचकास ‘लीळाचरित्रा’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. म्हाइंभटाची मूळ पोथी हरपल्यावर शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा सिद्ध केली आणि त्यातून पाठांच्या परंपरा निर्माण झाल्या, असे महानुभाव परंपरा सांगते. पण तेथे पुनर्रचना दुसऱ्यांनी केली, येथे स्वतः कर्त्याने. हा भेद मोठा आहे. त्यामुळे दोन्ही पाठांतील चांगली-चांगली दृश्ये एकत्र करून आदर्श प्रत बनवावी, ही जी कल्पना काही रसिकांना मोहविते, ती पद्धतीच्या दृष्टीने सदोष ठरते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या आवृत्तीत अनेक प्रतींतील पाठ तोलून एक संहिता सिद्ध केलेली आहे. ते योग्यच आहे, कारण तेथे सर्व प्रती एका हरवलेल्या पूर्वरूपाकडे निर्देश करतात. ड्रायरच्या दोन निगेटिव्हांना असे समान पूर्वरूप नाही. त्यांचे मिश्रण केल्यास तिसराच पाठ निर्माण होईल, आणि त्याला कर्ता नसेल.

चकत्यांवर निघालेल्या आवृत्त्यांचा इतिहास ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. अमेरिकेतील क्रायटीरियन कंपनीने १९९९ मध्ये डीव्हीडी काढली. तिच्यात रिचर्ड आइनहॉर्न ह्या संगीतकाराची १९९४ ची गायनवाद्यरचना सोबतीस होती, आणि पुष्कळांनी ती चकती तेवढ्यासाठी विकत घेतली. २०१२ मध्ये इंग्लंडातून मास्टर्स ऑफ सिनेमा ह्या मालेत ब्लू-रे निघाली. तिच्यात हाच चित्रपट सेकंदास वीस चौकटी आणि सेकंदास चोवीस चौकटी अशा दोन गतींनी दिला असून लो द्यूकाची आवृत्तीही ठेवली आहे. मूकपटांची गती निश्चित नसे. चोवीसच्या गतीने चित्रपट सुमारे ८१ मिनिटांत संपतो, वीसच्या गतीने सुमारे ९७ मिनिटे चालतो. संग्राहकांतील वाद बहुधा ह्याच मुद्द्यावर पेटतात, आणि ते व्यर्थ नाहीत. जोनच्या पापण्या किती वेळ स्थिर राहिल्या, हा त्या दृश्याच्या अर्थाचाच भाग आहे. वर्तमान आवृत्तीकारांनी एकच पाठ लादण्याऐवजी पाठभेद शेजारी छापण्याचा मार्ग पत्करला, हे समाधानाचे आहे. ही शिस्त त्यांनी विद्यापीठांकडून घेतली की हौशी संग्राहकांच्या चिकाटीमुळे त्यांना ती पाळावी लागली, हे सांगणे कठीण. दुसरी शक्यता अधिक दिसते.

भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष वेधणारी गोष्ट अजून वेगळी आहे. डिकेमार्कची प्रत पहिल्या पाठाची. पण तिच्यावरील पाट्या डॅनिश. म्हणून फ्रेंच पाट्यांचा मजकूर डॅनिश पाट्यांशी ताडून पुन्हा सिद्ध करावा लागला. जोनच्या एखाद्या उत्तराचा प्रवास मग असा होतो : रूआँच्या किल्ल्यात तिने ते फ्रेंचमध्ये उच्चारले, लेखनिकाने टिपले, पंडितांनी लॅटिनमध्ये नेले, विसाव्या शतकात ते आधुनिक फ्रेंचमध्ये आले, ड्रायरने त्याचा संक्षेप केला, कोपनहेगनच्या प्रेक्षकांसाठी ते डॅनिश झाले आणि १९८५ मध्ये पुन्हा फ्रेंच. ह्या मालिकेत प्रत्येक ठिकाणी काही ना काही गळाले असणार. कोठे भरही पडली असेल. १४५६ च्या साक्षीदारांनी मतत्यागपत्राविषयी जी शंका घेतली होती, ती येथे सौम्य स्वरूपात पुन्हा उभी राहते. जे वाचले गेले तेच दफ्तरी लागले काय?

एका बाबतीत मात्र चित्रपट दफ्तराच्या पुढे जातो. नट मूकपटातही प्रत्यक्ष फ्रेंच वाक्ये बोलत होते. पाट्यांवर जेवढा मजकूर येतो त्यापेक्षा ओठांवर पुष्कळ अधिक आहे, आणि समीपदृश्यांमुळे तो स्पष्ट दिसतो. न्यायाधीशांची कुजबूज, एकमेकांस दिलेल्या सूचना, जोनने एखादा शब्द उच्चारण्यापूर्वी केलेली ओठांची अर्धवट हालचाल ह्यांपैकी पुष्कळशा गोष्टींना पाटीच नाही. फ्रेंच जाणणारा प्रेक्षक त्यांतील काही भाग आजही वाचू शकतो. १९२८ च्या डॅनिश पाट्यांना, लो द्यूकाच्या तळमजकुराला किंवा नंतरच्या भाषांतरांना ह्या थराला हात लावता आला नाही. वीस चौकटींच्या गतीचा आग्रह धरणारे संग्राहक सामान्यतः लयीचे कारण पुढे करतात. ओठ वाचणाऱ्याची सोय हे कारण त्यांनी सांगितल्याचे फारसे आढळत नाही, पण त्या गतीच्या बाजूचा तो एक चांगला पुरावा आहे.